दोष मुठीचा, शिक्षा कोपराला

९ फेब्रुवारी, सोमवार

काय काय केल्यावर दुखतं ते लिहून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. लिहिते. दात घासताना दुखतं. कुलपात किल्ली फिरवताना दुखतं. चहाची किटली उचलताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि सगळ्यात जास्त दुखलं ते डॉक्टरांनी "टेनिस एल्बो" म्हटलं तेव्हा. मी आयुष्यात टेनिसची बॅट हातात धरलेली नाही. तसं मी सांगितलं, तर आमचे हे शेजारच्या खुर्चीवरून म्हणतात, "बॅट नाही गं, रॅकेट." बायकोचा हात निकामी होत चाललाय आणि यांना शब्द सुधारायचे आहेत.

मी केकवर गुलाब करते. आमच्या बेकरीत हे गल्ल्यावर बसतात, भाऊजी भट्टी बघतात, आणि आतल्या टेबलाशी मी आणि माझी धाकटी जाऊ असतो. म्हणजे काम मी करते आणि धाकटी टेबलाशी असते. क्रीम भरलेली पिशवी उजव्या मुठीत आवळायची, टोकाच्या नोझलमधून एकेक पाकळी काढायची, की झाला गुलाब. गावभर लोक आमची बेकरी त्या गुलाबांवरून ओळखतात.

डॉक्टरांनी माझा हात टेबलावर पालथा ठेवला आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाशी बोट दाबलं. मी किंचाळले. ते खूश झाले. म्हणाले, "मनगट वर उचलणारे स्नायू इथे हाडाला चिकटतात. मूठ आवळली की मनगट स्थिर धरायला हेच ताणले जातात. तुम्ही दिवसभर आवळता. टोकाची दोरी झिजते, आणि ती भरून यायच्या आत तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळता." म्हणजे दोष मुठीचा आणि शिक्षा कोपराला. आजार म्हशीला नि औषध पखालीला म्हणतात, तो प्रकार.

किती दिवसांत बरं होईल विचारलं, तर म्हणाले, दिवसांत नाही, महिन्यांत. काम कमी करा, व्यायाम करा, धीर धरा. "मग इंजेक्शन द्या ना," मी म्हटलं. तर म्हणे, "देता येईल. काही आठवडे छान वाटेल. पण पुढे बऱ्याच जणांचं दुखणं उलट जास्त रेंगाळतं." एवढी वर्षं शिकून औषध न देणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

महिने कुठून आणू? सतरा मेला भिंगरीचं लग्न आहे. भिंगरी म्हणजे धाकटीची मुलगी, पण वाढली ती माझ्या कडेवर. मला मूल नाही. ती एवढीशी असताना पिठाच्या पोत्यावर बसून म्हणाली होती, "माझ्या लग्नाचा केक काकू करणार. आई नाही." धाकटी तिथेच उभी होती. मला झालेला आनंद मी तेव्हा लपवला नाही आणि आजही लपवत नाही. चार मजल्यांचा केक, वरपासून खालपर्यंत गुलाबच गुलाब, असा शब्द मी तिला दिलाय. त्यावर दुसऱ्या कुणाचा हात फिरणार नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी एका व्यायामवाल्या मुलीकडे पाठवलं. मी तिला कसरतबाई म्हणते. वय असेल भिंगरीएवढं. खोलीत एक पलंग, चार रबरी पट्टे आणि पाण्याच्या बाटल्या. एवढ्यावर दुकान चालतं म्हणजे कमाल आहे.

पहिल्यांदा तिने माझ्या हाताचा पट्टा काढला. गिऱ्हाइकांपैकी एका बाईने तो दिला होता, "मला फार गुण आला" म्हणून. मी दोन महिने तो बरोब्बर दुखऱ्या हाडावर करकचून बांधत होते. कसरतबाई म्हणाली, "हाडावर नाही बांधायचा, काकू. दोन बोटं खाली, स्नायूवर." त्या बाईला गुण आला असेल तर तिचं कोपर दुखतच नसणार.

मग व्यायाम. हात टेबलावर पालथा ठेवायचा, पंजा कडेबाहेर सोडायचा, त्यात पाण्याची बाटली धरायची. बाटली वर न्यायची ती डाव्या हाताच्या मदतीने. आणि खाली आणायची ती एकट्या उजव्याने, सावकाश. मी म्हटलं, "अगं, खाली तर ती आपोआप जाते." "तीच आपोआप जाऊ द्यायची नाहीये," ती म्हणाली. "खाली सोडताना स्नायूवर ताण येतो, त्यानेच दोरी हळूहळू घट्ट होते. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं, तर बाटलीतलं पाणी कमी करायचं." बाटली खाली ठेवायला शिकवायचं शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळतं, ते विचारायचं राहून गेलं.

किटली उचलायची तर तळहात वर करून, खालून. आणि मग ती म्हणाली, "पिशवी कशी धरता ते दाखवा बघू." मी टॉवेलची पिशवी करून दाखवली. तिने माझ्या मुठीकडे, मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढी भरता?" भरतेच. काठोकाठ भरते. उगीच पुन्हा पुन्हा भरत बसायला मला वेळ नाही. "आणि क्रीम घट्ट असतं का?" असतंच. गुलाब उलटा धरला तरी पाकळी हलता कामा नये. तर ती म्हणते, पिशवी अर्धीच भरा, क्रीम मऊ करा, म्हणजे कमी आवळावं लागेल.

अर्धी पिशवी भरते ती आमची धाकटी. लग्न होऊन आली तेव्हापासून अर्धीच भरते. तिचं नावच मी "अर्धवट" ठेवलंय आणि आता भट्टीवरचे भाऊजीसुद्धा मजेत तिला तसंच म्हणतात. या वयात मी अर्धवट व्हायचं? कसरतबाईला मी कोपरापासून नमस्कार केला असता, पण कोपर वाकवायची सोय नव्हती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाटली खाली ठेवण्याचं शिक्षण चालू आहे. हे बघतात आणि हसतात. काल म्हणाले, "कोपरच दुखतंय ना? जीभ शाबूत आहे?" मी ती शाबूत असल्याचं दाखवून दिलं.

बेकरीत मात्र ढिसाळपणा वाढलाय. डब्यांची झाकणं हल्ली कुणी नीट लावतच नाही. साखरेचा, कोकोचा, बेकिंग पावडरचा, ज्याला हात लावावा त्याचं झाकण नुसतं वर ठेवलेलं. पूर्वी माझ्या डब्यांना मुंगी शिवत नसे. साखरेचं मोठं पिंप वरच्या फळीवर असायचं, ते कुणीतरी खाली आणून ठेवलंय, पायात येतं. धाकटीला विचारलं, तर म्हणाली, "राहिलं असेल वहिनी, लक्षात येत नाही." लक्षात काय येतं हिच्या!

खोटं कशाला लिहू, आज धाकटी दुकानात गेली तेव्हा मी पिशवी अर्धी भरून पाहिली. दुखलं कमी. तेवढ्यात तिची चाहूल लागली आणि मी घाईघाईने वरून चमचाभर, दोन चमचे क्रीम कोंबलं. बाई आत आली तेव्हा पिशवी टम्म. नशीब की तिला हल्ली खोकला झालाय. आत यायच्या आधी दाराशी खाकरते, एखादं भांडं आपटते, आणि मगच येते. पूर्वी मांजरासारखी यायची.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुखणं घोड्याच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, हे मला कसरतबाईने सांगायची गरज नव्हती. पण मुंगीसुद्धा एवढी हळू चालत नाही. सकाळी किटली उचलली की तेच. आणि धाकटी आज मला विचारते, "वहिनी, भिंगरीच्या केकचे खालचे मजले मी केले तर चालतील का?" अगदी खालमानेने विचारलं. मी म्हटलं, "चालतील, मी मेल्यावर."

उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार. तो इंजेक्शन देतो.

१५ मार्च, रविवार

जादू! सुई टोचली तेव्हा जीव गेला, पण तिसऱ्या दिवसापासून हात माझा झाला. किटली उचलते, किल्ली फिरवते, काल गंमत म्हणून यांचा हात इतका दाबला की हे ओरडले. एवढं साधं होतं, आणि मी पंधरा दिवस बाटल्या ठेवत बसले होते! कसरतबाईकडे जायचं बंद केलं. गरज सरो, वैद्य मरो.

पिशवी काठोकाठ. क्रीम घट्ट. पट्टा काढून फेकला. तीन आठवडे ज्या ऑर्डरी नाही म्हणून परत पाठवल्या होत्या, त्या सगळ्यांना फोन करून हो म्हटलं. शाळेचा समारंभ, बँकेचा वर्धापनदिन, डॉक्टरीण बाईंच्या जुळ्यांचा वाढदिवस. एप्रिल गच्च भरून टाकला. धाकटी म्हणाली, "वहिनी, एवढं एकदम नको. आत्ता दुखत नाहीये म्हणजे भरून आलंय असं नाही." ही कोण? हाडांची डॉक्टर? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

३० मार्च, सोमवार

आज सकाळी दात घासताना कोपरात काहीतरी झालं. झोपेत हात अवघडला असेल.

५ एप्रिल, रविवार

लिहिते आहे ती डाव्या हाताने. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

काल शाळेच्या केकवर शेवटची रांग करत होते. कोपरात कुणी तापलेली सळई खुपसावी तशी कळ आली, मूठ उघडली आणि भरलेली पिशवी बरोब्बर केकच्या मधोमध पडली. मी नुसती उभी राहिले. मूठ मिटेना. धाकटी आली, एक शब्द न बोलता तिने पिशवी उचलली, वरचा थर खरवडून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्या न बोलण्याचा मला फार राग आला.

आता पहिल्यापेक्षा जास्त दुखतं. चहाचा कप धरवत नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

७ एप्रिल, मंगळवार

परत कसरतबाईकडे. मला वाटलं होतं, खिजवेल. तिने फक्त विचारलं, "दुखत नव्हतं तेव्हा काय काय केलंत?" मी सांगितलं. ती लिहीत गेली आणि कागद उलटून पलीकडे लिहू लागली. म्हणाली, "इंजेक्शनने दुखणं झाकलं गेलं. दोरी होती तशीच कमजोर होती, आणि तुम्ही तिच्यावर महिन्याचं काम दोन आठवड्यांत टाकलंत." मग म्हणाली, "पद्धत कितीही चांगली असली, तरी काम एकदम दुप्पट केलं की कुणाचाही हात जातो. ज्याला सवय नाही त्याचा तर आधी जातो." पुढचं मी ऐकलं नाही, कारण मला फक्त सतरा मे ऐकू येत होतं.

विचारलं, होईल का? ती म्हणाली, "चार मजले नाही. वरचा एक, तोही रोज थोडा थोडा, आणि मी सांगते त्याच पद्धतीने."

रोज थोडा! बटरक्रीमचे गुलाब आधी करून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवता येतात, हे मला माहीत आहे. धाकटी तेच करते. मी त्यांना "शिळी फुलं" म्हणते. म्हणजे अर्धी पिशवी, मऊ क्रीम आणि शिळी फुलं. एका मुठीने माझं सगळं नाक कापलं.

रिक्षात रडले. हे म्हणाले, "रस्ता खराब आहे, हादरे बसतात." हा माणूस इतका वाईट नाही.

१९ एप्रिल, रविवार

बाटली ठेवते. दिवसातून दोनदा. पट्टा दोन बोटं खाली. किटली खालून. सकाळी जास्त दुखलं तर पाणी कमी करते. यात अक्कल लागत नाही, नुसती चिकाटी लागते, आणि तीच माझ्यात नव्हती असं आता लोक म्हणणार. हे म्हणालेच.

रोज चार-पाच गुलाब करते, कागदाच्या तुकड्यांवर, आणि फ्रीजरमध्ये ठेवते. धाकटी दुकानात असताना. अर्ध्या पिशवीतून. गंमत म्हणजे क्रीम हल्ली आपोआपच मऊ असतं. सकाळी धाकटी फेटते, तेव्हापासूनच मऊ. उकाड्यामुळे असेल. तिच्या हातात जोर नाही हेही असेल. मी काही बोलले नाही. माझी सोय होतेय तर कशाला बोला?

मी घेतलेल्या ऑर्डरी आता धाकटी करते. बँकेचा झाला, जुळ्यांचा झाला. सकाळी सगळ्यांच्या आधी येते, माझं क्रीम, तिचं क्रीम, ट्रे उचलणं, सगळं तीच. करू दे. तेवढाच हात वळेल. गुलाब बरे होतात तिचे. बरे म्हणजे दुरून पाहिले तर.

२ मे, शनिवार

आज किटली उजव्या हाताने उचलली, खालून, पाण्याने भरलेली. दुखलं, पण माझ्यावर ओरडलं नाही. मी स्वयंपाकघरात एकटी उभी राहून हसले. कसरतबाईने अर्धा किलोचं वजन दिलंय. बाटलीतून बढती.

भिंगरीने आज केकचं विचारलं. मी सांगून टाकलं, वरचा मजला माझा, खालचे तीन तुझ्या आईचे. ती म्हणाली, "बरंच झालं, दोघींचा." पोरींना काही कळत नाही.

धाकटीचे नखरे मात्र बघण्यासारखे आहेत. मुलीचं लग्न ठरलं की बायकांना काय होतं कोण जाणे. मे महिन्याच्या काहिलीत चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पिते, जशी हिला थंडी वाजतेय. दार कमरेने ढकलते. काल व्याही भेटायला आले, सगळ्यांनी हात मिळवले, तर ही हात पदराआड घेऊन नुसती मान हलवते. त्यांना काय वाटलं असेल? मी तिला नंतर चांगलं सुनावलं. "उद्या मुलगी त्या घरी जायची आहे, थोडी रीत शीक." ती म्हणाली, "हो वहिनी." कधी उलट बोलत नाही. तेही एक नाटकच.

१३ मे, बुधवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

धाकटी खालच्या मजल्यांचे गुलाब करत होती. मी वजन घेऊन बाजूच्या टेबलाशी बसले होते, बाटलीवाला व्यायाम. तिने मध्येच पिशवी ठेवली आणि टेबल पुसायचं फडकं ओलं केलं. ते पिळायला तिने नळाभोवती गुंडाळलं आणि दोन्ही टोकं डाव्या हातात धरून डाव्यानेच पीळ दिला. उजवा हात नुसता बाजूला लोंबत होता.

फडकं असं कुणी पिळत नाही. जगात कुणीच पिळत नाही. मी पिळत होते, एप्रिलभर. दोन्ही हातांनी पिळायला गेलं की जी कळ येते, ती चुकवायला.

मी उठले. तिचा उजवा हात धरला, टेबलावर पालथा ठेवला आणि बाहेरच्या हाडाशी बोट दाबलं. तिने ओरडायचं टाळलं. ओठ चावला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"कधीपासून?"

"काही नाही हो वहिनी, अवघडला असेल."

"कधीपासून, विचारतेय."

"एप्रिलच्या मध्यापासून."

एप्रिलचा मध्य. म्हणजे मी घेतलेल्या ऑर्डरी. मी फोन करकरून, कुणी मागितल्या नसताना, फुशारकीने घेतलेल्या ऑर्डरी. तिची पिशवी अर्धीच होती, क्रीम मऊच होतं, हात शहाणाच होता. त्याच्यावर मी दुप्पट काम टाकलं आणि त्याला म्हटलं, तेवढाच हात वळेल.

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला असता, माझं बघून हिलाही सुचलं."

मी म्हटलं असतं. शब्दन् शब्द हेच म्हटलं असतं, आणि भाऊजींना जाऊन हसत सांगितलंही असतं.

ती पुन्हा पिशवी उचलायला लागली. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, वहिनी. पोरीचं लग्न एकदाच होतं. मग घेते की विश्रांती."

इथे खरं लिहायचं तर खरं लिहिते. एक क्षण माझ्या मनात आलं, करू दे. तीन दिवस. चार मजले गुलाबांनी भरलेले, लोक बघत राहतील, आणि वरचा मजला माझा. तिचं कोपर नंतर बघता येईल. हा क्षण लहान नव्हता. मी तो संपेपर्यंत उभी होते.

मग मी पिशवी तिच्या हातातून घेतली. "हे मी करून पाहिलंय," मी म्हटलं. "दुखत असताना आणखी थोडंसं. त्याने काय होतं ते मला विचार." क्रीम भांड्यात परत काढलं आणि भांडं फ्रीजमध्ये ढकललं.

"मग केक?"

"जेवढे गुलाब झालेत तेवढे वर लावायचे. खालचे तीन मजले कोरे."

"कोरे?" तिचा आवाज फाटला. "लोक काय म्हणतील? तुम्ही तिला शब्द दिला होता."

"दिला होता. मी बघते."

१४ मे, गुरुवार

भिंगरीला मी स्वतः सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. तिने ऐकलं, पहिल्यांदा आईकडे गेली आणि तिचा हात बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, मला केक हवाय. बाग नकोय." आणि मला मिठी मारली, नेमकी दुखऱ्या बाजूने.

मला वाटलं होतं, मी मोडून पडेन. पडले नाही. थोडी चिडलेही, खरं म्हणजे. इतकी वर्षं मी त्या शब्दाला जपलं आणि हिला तो आठवतसुद्धा नव्हता.

१७ मे, रविवार

लग्न छान झालं. खालच्या तीन मजल्यांवर भाऊजींनी क्रीम फासलं, गवंडी भिंतीला गिलावा करतो तसं, आणि स्वतःवर इतके खूश झाले की प्रत्येकाला दाखवत सुटले. वरच्या मजल्यावर गुलाब. त्यातले माझे कुठले आणि धाकटीचे कुठले, हे मला जवळून पाहूनही सांगता आलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

नवरदेवाकडची एक बाई, गळ्यात सोनंच सोनं, केकभोवती चक्कर मारून आली आणि म्हणाली, "खालचं राहून गेलं वाटतं?" मी म्हटलं, "तुमच्याकडे अजून भरगच्च करतात का? आता ती पद्धत गेली." शेजारी धाकटी तोंडावर रुमाल धरून हसत होती. हिला हसताना एवढा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

१९ मे, मंगळवार

धाकटी यायला तयार नव्हती. म्हणे, आता बरं आहे, दोन दिवस काही केलं नाही. मी तिच्यासमोर भरलेला कप ठेवला. "उचल. एका हाताने." ती कपाकडे बघत बसली. मग चपला घातल्या.

कसरतबाईने आम्हा दोघींना शेजारी बसवलं. पट्टा कुठे बांधायचा ते मीच धाकटीला दाखवलं, दोन बोटं खाली, आणि बाटली का खाली ठेवायची तेही मीच सांगितलं. कसरतबाई म्हणाली, "काकू, माझी नोकरी घालवताय." मी म्हटलं, तुझ्या नोकरीत आहे काय, पाणीच तर आहे. ती हसली. मला ती मुलगी आवडते. हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

मग तिने धाकटीला विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

धाकटीने आधी माझ्याकडे चोरून बघितलं. मग म्हणाली, "दोन असेल."

"सात लिही," मी म्हटलं. "ही माझ्यासमोर खरं सांगत नाही. इतक्या वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. सांगायची सोयच मी ठेवली नव्हती."

कसरतबाईने सात लिहिलं. धाकटी मांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझं बोलणं खोडलं.

"आठ, वहिनी," ती म्हणाली. "आठ आहे."